सरासरीच्या मागचं मूल: शाळेतली आकडेवारी आणि आलेख वर्गात कसे वापरावेत

कोल्हापूर जिल्ह्यात करवीरपासून चंदगडपर्यंत कुठल्याही शाळेचं कपाट उघडा, आकड्यांची वाण नाही. हजेरीपट, आकारिक (वर्षभर रोजच्या कामावरून केलेल्या) नोंदी, संकलित (सत्राअखेरच्या) चाचण्यांचे गुण, पायाभूत चाचणी, वाचनाचे स्तर, पोषण आहाराची रोजची नोंद, युडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-पोर्टलचे रकाने. यातलं जवळजवळ सगळं वर जातं: केंद्राला (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला), तालुक्याला, जिल्ह्याला, पोर्टलला. वर्गाकडे फार थोडं परत येतं. जे येतं ते बहुधा एका सरासरीच्या किंवा टक्केवारीच्या रूपात, आणि त्यावरून उद्या पहिल्या तासाला काय शिकवायचं हे कळत नाही.

इथे सांगितलेली पद्धत वीस ते चाळीस मुलांच्या वर्गासाठी आहे. एक वही, आलेख कागद, कार्डशीट आणि टिकल्यांची दोन-चार पाकिटं एवढ्यावर ती चालते. संगणक असेल तर वेळ वाचतो, पण त्याच्यावाचून काही अडत नाही.

आधी प्रश्न ठरवा, मग आकडे

‘वर्गाची प्रगती कशी आहे?’ या प्रश्नावर कुठलाही तक्ता उत्तर देऊ शकत नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी शिकवण्यात काय बदलायचं ते ठरलेलं नाही. त्याऐवजी असा प्रश्न घ्या: ‘पाचवीतल्या कोणाला हातच्याची वजाबाकी येत नाही, आणि त्या सगळ्यांची चूक एकच आहे का?’ किंवा ‘कोणती मुलं महिन्यात तीन दिवसांहून जास्त गैरहजर असतात, आणि ते दिवस कोणते?’

प्रश्न वहीत लिहा. त्याखाली दोन ओळी लिहा: उत्तर ‘असं’ आलं तर सोमवारी काय करणार, ‘तसं’ आलं तर काय करणार. दोन्ही ओळींत तेच लिहावं लागत असेल तर ती माहिती गोळा करू नका. मुलांचा आणि तुमचा वेळ वाचेल. सहा आठवड्यांना एका विषयातला एक प्रश्न पुरेसा आहे. एकदम चार प्रश्न हाती घेतले की चारही अर्धे राहतात.

तक्ता मांडताना

एक मूल म्हणजे एक आडवी ओळ, एक प्रश्न किंवा एक दिवस म्हणजे एक उभा रकाना. एका चौकटीत एकच गोष्ट. ‘१२, पण उशिरा आला’ असं एका चौकटीत लिहिलं की ती चौकट मोजता येत नाही; शेऱ्यासाठी शेवटी वेगळा रकाना ठेवा.

पहिल्या रकान्यात हजेरी क्रमांकाऐवजी जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला नंबर घाला. हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो, मध्येच प्रवेश झाला तर आणखी घोळ होतो. जनरल रजिस्टरचा नंबर मूल शाळा सोडेपर्यंत तोच राहतो, त्यामुळे दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवता येतात. नावावरून जुळवायला गेलात तर ‘श्रेया’ आणि ‘श्रीया’ दोन वेगळ्या मुली ठरतात.

गैरहजर मुलाला शून्य देऊ नका. ही चूक सर्वांत जास्त होते. समजा हजर असलेल्या वीस मुलांच्या गुणांची बेरीज २४६ आहे, तर सरासरी १२.३ येते. गैरहजर असलेल्या आणखी दोघांना शून्य धरलं की तीच सरासरी ११.२ वर घसरते, आणि वर्गाला काही येत नाही असा खोटा निष्कर्ष निघतो. गैरहजराला ‘गै’ लिहा, प्रश्न सोडलेल्याला आडवी रेघ, आणि चुकलेल्याला ०. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि तिन्हींवरचा उपायही वेगळा.

संगणकावर भरताना अंकांकडे लक्ष द्या. मराठी कळफलकावरून टाइप केलेले देवनागरी अंक स्प्रेडशीट पुष्कळदा मजकूर समजते. मग बेरीज शून्य येते किंवा काही ओळी गुपचूप गळतात. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. अंक इंग्रजी कळफलकावरून टाका, नावं मराठीत ठेवा. पहिली ओळ आणि पहिला रकाना फ्रीज करा (म्हणजे खाली सरकलं तरी ते समोरच राहतात), नाहीतर तिसाव्या ओळीवर पोचेपर्यंत कोणता प्रश्न कुठला ते विसरायला होतं आणि गुण एक घर सरकून पडतात.

टिकल्यांचा आलेख

आता वरच्याच वीस मुलांचे गुण बघा. चाचणी २० गुणांची, एक काल्पनिक वर्ग:

३, ४, ४, ५, ५, ६, ६, ७, १५, १५, १६, १६, १६, १७, १७, १८, १८, १९, १९, २०

सरासरी १२.३. पण बारा-तेरा गुणांचं एकही मूल या वर्गात नाही. ८ ते १४ या पट्ट्यात कोणीच नाही. ‘सरासरी मुला’साठी बेतलेला पाठ आठ जणांच्या डोक्यावरून जाईल आणि बारा जणांना कंटाळा आणेल. हा एकच वर्ग नाही, दोन वर्ग आहेत. मध्यक, म्हणजे गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १५.५ येतो, तोही खालच्या आठांबद्दल बोलत नाही.

हे चित्र दाखवायला प्रत्येक मुलाचा एक ठिपका काढा. २२ बाय २८ इंचांची पूर्ण कार्डशीट आडवी घ्या. खालच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर एक रेघ मारा, डावीकडे पाच सेंटिमीटर सोडून तीन-तीन सेंटिमीटरवर ० ते २० खुणा करा. साठ सेंटिमीटरमध्ये बसतं. एक सेंटिमीटर व्यासाच्या साध्या गोल टिकल्या घ्या आणि ज्याचे जितके गुण त्या खुणेवर एकावर एक लावत जा. सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या. टिकलीवर नाव नाही, नंबरही नाही. पंधरा मिनिटांत शीट तयार होते आणि वर्गाचे दोन पुंजके लांबूनही दिसतात.

श्रेणी मांडून हे दिसत नाही. ५१ आणि ६० टक्के दोघांनाही क-१ मिळतो, ६० आणि ६१ मात्र वेगवेगळ्या श्रेणीत पडतात. प्रगतिपत्रकासाठी श्रेणी ठीक आहे. निदानासाठी मूळ गुण वापरा.

टक्क्यांबद्दलही जपून. वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ५ टक्के. ‘उत्तीर्णांचं प्रमाण ६५ वरून ७० टक्के’ हे वाक्य भारदस्त वाटतं, पण घडलंय एवढंच की एका मुलाला दोन गुण जास्त पडले. पन्नासहून कमी मुलं असतील तर ‘२० पैकी १४’ असंच लिहावं आणि तसंच बोलावं.

चूक कुठली, हे बघणं सर्वांत मोलाचं

पद्धतीचा गाभा इथे आहे, म्हणून सवडीने.

प्रश्ननिहाय तक्ता करा: बरोबरला १, चुकीला ०. मग ओळी जास्तीत जास्त गुणांपासून खाली, आणि रकाने सोप्या प्रश्नापासून उजवीकडे अवघड असे लावा. वरच्या डाव्या कोपऱ्यात १ दाटतात, खालच्या उजव्या कोपऱ्यात ०. जिथे हा ओघ मोडतो तिथे थांबा. हुशार मुलांच्या ओळींतही एखादा रकाना अचानक शून्यांनी भरला असेल तर बहुधा प्रश्न संदिग्ध आहे किंवा तो घटक शिकवायचा राहिलाय. दोष मुलांचा नाही. एखाद्या मुलाला नुसती उदाहरणं येतात पण शाब्दिक उदाहरणांचे रकाने रिकामे दिसतात, तर अडचण गणिताची नसून भाषेची असू शकते. गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ या सीमेलगतच्या भागांत घरी कन्नड बोलणारी मुलं वर्गात असतात, तिथे हा फरक आवर्जून तपासावा. प्रश्न तोंडी, सोप्या शब्दांत विचारून बघितला की दोन मिनिटांत कळतं.

पण ० आणि १ वरून चूक *का* झाली ते कळत नाही. म्हणून दोन-तीन कळीच्या प्रश्नांसाठी मुलाने लिहिलेलं उत्तरच तक्त्यात उतरवा. उदाहरण घ्या: ४०२ − १६८. बरोबर उत्तर २३४. चुकीच्या उत्तरांत तीन आकडे वारंवार सापडतील.

३६६ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: ८ मधून २, ६ मधून ०, ४ मधून १. हातचा घ्यायचा असतो हेच त्याच्या मनात नाही.

२४४ लिहिणारं मूल खूप पुढे आहे. त्याने शतक सुटं केलं, शून्याचे दहा केले, पण त्यातला एक दशक एककाकडे दिल्यावर ९ उरतात हे विसरलं आणि १० मधूनच ६ वजा केले.

५७० लिहिणाऱ्याने सरळ बेरीज केली. चिन्ह बघितलं नाही, किंवा घाई झाली.

तिघांनाही ‘वजाबाकी कच्ची’ असा एकच शेरा मिळतो आणि तिघांनाही वीस-वीस वजाबाक्यांचा तोच सराव दिला जातो. ३६६ वाला त्या वीसही वेळा तीच चूक पक्की करतो. त्याला काड्यांचे गठ्ठे किंवा खेळण्यातल्या नोटा द्या: शंभराच्या चार, दहाची एकही नाही, रुपयाची दोन नाणी, आणि १६८ रुपये मोजून मागा. सुटे केल्याशिवाय देताच येत नाहीत हे हाताला कळू दे. शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून दहा रुपये: हाती ३ शतक, ९ दशक, १२ एकक. २४४ वाल्याला नोटा पहिल्यापासून नकोत. मधला ९ कुठून आला एवढंच त्याच्याकडून बोलून घ्या. ५७० वाल्याला उदाहरण तोंडी विचारा. बरोबर सांगितलं तर चिन्हाभोवती गोल करायची सवय लावणं पुरे.

एका उदाहरणावरून मात्र निदान करू नका. तो एखादा निसटता क्षण असू शकतो. ८३ − ४७, ३७१ − १४५, ६१० − २५४, ४०२ − १६८ आणि ५०० − २३७ असा पाचांचा संच द्या. पाचही चुकले तर हातचाच समजलेला नाही. शेवटची दोनच चुकली तर अडचण दशकातल्या शून्याची. दहा मिनिटांची ही चाचणी तीन तासांच्या पेपराहून जास्त सांगते.

मग गट पाडा. ते चुकीवरून पडतात, गुणांवरून नव्हे, आणि दोन आठवड्यांनी मोडतात. ‘कच्ची मुलं’ नावाचा कायमचा बाक वर्गात तयार झाला तर सगळा खटाटोप उलटला.

दोन आठवड्यांनी त्याच धर्तीचा, आकडे बदललेला संच द्या. निकाल बघताना दोन सावधगिरी. पहिली: अगदी तळाच्या मुलांपैकी काहींचे गुण काहीही न करता थोडे वाढतात, कारण पहिल्या दिवशी कोणी आजारी होतं, कोणाचं लक्ष नव्हतं. म्हणून एकट्या तळाच्या गटाची वाढ दाखवून उपाय यशस्वी झाला असं म्हणू नये. ३६६ सारखी उत्तरं खरोखर गेली का ते बघावं. दुसरी: दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचीच तुलना करा. आपल्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात, हंगाम संपला की जातात. पहिल्या आणि दुसऱ्या संकलित चाचणीच्या मधे वर्गच बदललेला असतो. सरासरी घसरली म्हणून शिकवणं घसरलं असं होत नाही, आणि त्या मुलांना ‘सरासरी पाडणारी’ म्हणणं तर अन्यायच. त्यांच्यासाठी आल्या आठवड्यातच वेगळी पायाभूत नोंद करा, त्यांची प्रगती तिथून मोजा.

हजेरी: टक्केवारी बाजूला, चौकटी पुढे

पंचवीस मुलांपैकी बावीस जणांची हजेरी ९७ टक्के आणि तिघांची ६० टक्के असेल तर वर्गाची हजेरी सुमारे ९२.६ टक्के येते. अहवालात उत्तम. ते तिघे मात्र दर पाच दिवसांतले दोन दिवस शाळेत नाहीत.

आलेख कागदावर एका मुलाला एक ओळ, एका शालेय दिवसाला एक चौकट द्या. हजर असेल तर चौकट कोरी, गैरहजर असेल तर पेन्सिलने भरा. महिनाभराने कागद लांब धरून बघा. उभा काळा पट्टा दिसला तर त्या दिवशी बरेच जण नव्हते: बेंदूर, गौरी-गणपती, गावची यात्रा, रस्त्यावर आलेलं पाणी. आडवा काळा पट्टा दिसला तर गोष्ट एका घराची आहे. ठरावीक अंतराने ठिपके येत असतील तर वार तपासा. आठवडी बाजाराचा दिवस किंवा शनिवारची सकाळची शाळा निघते. उभ्या पट्ट्यावर उपाय वेळापत्रकात आहे, म्हणजे त्या दिवशी नवा घटक सुरू न करणं. आडव्यावर उपाय घरी जाऊन विचारण्यात आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस असतात. दोनशेतले वीस दिवस बुडाले की दहावा हिस्सा गेला. म्हणजे महिन्याला दोन-तीन दिवस. दिसायला किरकोळ, म्हणूनच सुटतं. महिन्यात तिसरी चौकट भरली की त्याच आठवड्यात पालकांशी बोला, सत्राच्या शेवटी नव्हे.

मुलांच्या हाती आलेख: पंचगंगेची पातळी

स्तंभालेख, रेषालेख पाठ्यपुस्तकात आहेतच, पण कोल्हापूरच्या मुलांना आलेखाची गरज पटवायला पंचगंगेइतका चांगला विषय नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी रोज जाहीर होते, आणि ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे आकडे मुलांना घरीच पाठ असतात. मुलांनी नदीवर जायचं नाही. आकडा बातम्यांतून किंवा प्रशासनाच्या पत्रकातून घ्यायचा, रोज एकाच वेळचा.

पहिली ठेच फूट-इंचांत लागते. ४० फूट ६ इंच म्हणजे ४०.६ नव्हे, ४०.५. इंचांना बारांनी भागायचं: ४२ फूट ९ इंच म्हणजे ४२.७५. दशांशाचा यापेक्षा जिवंत धडा शोधून मिळणार नाही.

आडव्या अक्षावर दिवस समान अंतरावर घ्या. एखाद्या दिवसाची नोंद राहिली तर जागा मोकळी सोडा, रेघ तोडा. मुलं हमखास पुढचा दिवस जवळ ओढतात आणि चढ खोटा तीव्र होतो. ३९ आणि ४३ वर दोन आडव्या रेघा मारा. मग घटना लिहा: ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’, ‘शहरात पाऊस थांबला’. आता विचारा: शहरात ऊन पडलं तरी पातळी का वाढत राहिली? गगनबावडा-राधानगरीच्या घाटमाथ्यावरचं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून यायला वेळ लागतो, आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णा भरून असेल तर पंचगंगेचं पाणी लवकर ओसरत नाही. हे उत्तर आधी न सांगता आलेखातून शोधू द्या.

अक्षाचा धडाही इथेच द्या. ३९ आणि ४३ फुटांचे दोन स्तंभ शून्यापासून काढले तर दुसरा पहिल्यापेक्षा दहाव्या हिश्शाएवढाच जास्त उंच दिसतो. अक्ष ३८ पासून सुरू केला तर स्तंभ १ आणि ५ एवढे होतात: पाचपट! स्तंभालेखात डोळा लांबी मोजतो, म्हणून तो शून्यापासूनच हवा. पण नदीच्या बाबतीत ते चार फूटच महत्त्वाचे असतात. म्हणून इथे स्तंभ नको, रेषालेख हवा. तो १५ फुटांपासून सुरू केला तरी चालतो, फक्त अक्षावर तसं ठळक लिहावं.

जोडीला पर्जन्यमापक हवा असेल तर सरळ उभ्या भिंतींचं पारदर्शक भांडं घ्या, गळ्याकडे निमुळती होणारी बाटली नको. तळ खोलगट असेल तर आधी पाणी भरून शून्याची खूण सपाट भागावर करा. नोंद सकाळी साडेआठला. ती आदल्या चोवीस तासांची असते.

चित्र काढताना होणाऱ्या चुका, थोडक्यात

त्रिमितीय स्तंभ आणि तिरपे वृत्तालेख टाळा. पुढचा भाग उगाच मोठा दिसतो. वृत्तालेख तीन-चार भागांपुरताच, आणि भागांची बेरीज पूर्ण होत असेल तरच. लाल-हिरव्या रंगांवर विसंबू नका: काहींना तो फरक दिसत नाही, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही सारखेच राखाडी येतात. शीर्षकात विषय न लिहिता निष्कर्ष लिहा. ‘गणित चाचणी निकाल’ यापेक्षा ‘२० पैकी ८ मुलांना हातच्याची वजाबाकी अजून शिकायची आहे’ हे वाचणाऱ्याला कामाला लावतं.

कोणाला काय दाखवायचं

मुलांची नावं आणि गुण भिंतीवर नकोत, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोतच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई आहे, आणि तळाला नाव लागलेल्या मुलाला काय वाटतं हे सांगायला कायद्याचीही गरज पडू नये. पालकसभेत पालकांना त्यांच्या मुलाचाच कागद द्या: त्याला काय येतं, पुढची पायरी कोणती, घरी रोज पाच मिनिटं काय करायचं.

शाळा व्यवस्थापन समितीपुढे टिकल्यांचा आलेख आणि हजेरीची नावं झाकलेली चौकट ठेवा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चा करायची असेल तर अर्धा तास असा वाटा: पहिली दहा मिनिटं फक्त ‘काय दिसतंय’, आणि कोणीही ‘कारण’ हा शब्द वापरायचा नाही. पुढची दहा मिनिटं कारणांचे अंदाज, किमान तीन. शेवटची दहा मिनिटं कोणता अंदाज कोण, कसा तपासणार. पहिल्या मिनिटालाच ‘पालकांचं लक्ष नाही’ हे कारण आलं की पुढे आलेखाकडे कोणी बघत नाही.

मे महिन्यात वर्ग पुढच्या शिक्षकांकडे देताना फाइल देऊ नका, एक पान द्या. प्रत्येक मुलापुढे जनरल रजिस्टरचा नंबर, शेवटच्या महिन्यातली सापडलेली एक चूक तिच्या प्रत्यक्ष उत्तरासह, आणि त्यावर काय उपयोगी पडलं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तीच पाच उदाहरणं, आकडे बदलून, पुन्हा द्यायची.